पावाला भांग पाडणारे अण्णा

आमच्या दुकानात नवीन गिऱ्हाईक आलं की ते आधी फळीपाशीच अडकतं. फळीवर पाव मांडलेले असतात. एकावर गव्हाच्या ओंब्या, एकावर शिरांसकट पानं, एकावर पंख पसरलेलं पाखरू. सगळं ब्लेडनं कापलेलं आणि भट्टीत फुलून आलेलं. मग ठरलेला प्रश्न येतो, "हा आर्टिस्ट शिकला कुठे हो?" मी म्हणते, "सलूनमध्ये. जन्मभर लोकांचे केस कापलेत त्यांनी." लोक हसतात. त्यांना वाटतं मी थट्टा करतेय. अहो, सकाळी भट्टी पेटलेली असताना थट्टा करायला वेळ कुणाला आहे?

हे आर्टिस्ट म्हणजे माझे सासरे. सगळा रस्ता त्यांना अण्णा म्हणतो, आम्हीही अण्णाच म्हणतो. आणि आज जिथे माझी भट्टी आहे तिथेच त्यांचं सलून होतं. भिंतीवरचा आरसा सासूबाईंनी घरी नेला, पण ती जड, गोल फिरणारी खुर्ची काही हलली नाही. घरातल्या सगळ्यांनी जोर लावून बघितला. शेवटी म्हटलं, राहू दे. आता गिऱ्हाइकं तिच्यात बसून पाव निघायची वाट बघतात आणि कुणाचं लक्ष नाही असं बघून एखादी गिरकी घेतात. चांगली पोक्त माणसं घेतात, मी पाहिलंय.

अण्णांचं सलून निम्मं कात्रीवर चालायचं आणि निम्मं तोंडावर. खुर्चीत माणूस बसला की यांची टकळी सुरू. कुणाच्या पोराची नोकरी, कुणाची गळकी टाकी, कुणाच्या मांजरीची पिल्लं. केस कापून झाले तरी गिऱ्हाईक उठायचं नाही, कारण गोष्ट अर्धीच राहिलेली असायची. शेजारच्या गाळ्यातले शिंपीकाका तर हातातलं काम टाकून ऐकायला यायचे. दोघं लहानपणापासूनचे दोस्त. एकमेकांना शिवी घातल्याशिवाय त्यांचा दिवस सुरू होत नसे.

आणि त्याच शिंपीकाकांच्या कल्ल्यावर वस्तरा फिरवताना एक दिवस अण्णांचा हात थरथरला आणि कानाच्या पाळीला लागलं. फार नाही, पण मेलं तिथलं रक्त थांबायचं नाव घेईना. पांढरी कॉलर लाल झाली. काका हसत म्हणाले, "काही नाही रे, कान जरा मोठाच होता, बरं केलंस." अण्णा हसले नाहीत. त्यांनी रक्त पुसलं, कापूस लावला, वस्तरा धुऊन डबीत ठेवला आणि शटर खाली ओढलं. घरी येऊन, "हात गेला माझा," एवढंच म्हणाले. त्यानंतर सलून उघडलं नाही आणि अण्णांचं तोंडही उघडलं नाही.

बडबड्या माणसाचं गप्प होणं फार वाईट असतं हो. ताटावर बसायचे, मान हलवायचे, उठून जायचे. ज्या सासूबाईंनी संसारभर "जरा गप्प बसा" म्हणून डोकं आपटून घेतलं, त्याच आता "काहीतरी बोला ना" म्हणत मागे फिरायच्या. शिंपीकाकांचं दुकान लागू नये म्हणून अण्णा मागच्या बोळातून वळसा घालून जायचे. आणि काकांनी धरला भलताच हट्ट. "माझ्या डोक्याला दुसऱ्या कुणाचा हात लागणार नाही!" म्हणून केस वाढवायला लागले. खांद्यापर्यंत आले! शिलाई मशीनमध्ये बट अडकायला लागली तेव्हा उरलेल्या फितीनं बांधायला लागले. काकू म्हणायच्या, "मला लांब केसांची हौस होती, ती आता हे पुरी करतायत." सासूबाई आणि काकू दोघी मिळून रडायच्या आणि दोघी मिळून हसायच्या.

तो रिकामा गाळा बघून माझ्या डोक्यात पाव आला. नवरा लांब पल्ल्याची बस चालवतो, तो सदा बाहेर, आणि मला नुसतं बसवत नाही. मी आंबवलेल्या पिठाचा पाव करायची, ज्याला आता सगळे सावरडो म्हणतात. त्यात विकतचं यीस्ट नसतं. बरणीत पीठ आणि पाणी आंबवायचं, त्याला रोज नवं पीठ भरवायचं आणि त्याच्याच जिवावर पाव फुगवायचा. आमच्या बरणीचं नाव जाऊबाई. मला खरी जाऊ नाही, ती कसर हिनं भरून काढली. वेळेवर खायला मिळालं नाही की हिचा वास आंबट, जास्त मिळालं की झाकण उडवते आणि थंडी पडली की रुसून तळाशी बसते.

पाव चवीला झकास व्हायचा. हे मीच सांगते, कारण तेव्हा दुसरं कोणी सांगत नव्हतं. दिसायला मात्र धोंडा. लोक यायचे, बघायचे, नाक मुरडायचे आणि कोपऱ्यावरचा मऊ पांढरा ब्रेड घेऊन जायचे. माझा नुसता तिळपापड व्हायचा.

अशात एका सकाळी अण्णा माझा डबा घेऊन आले. ते आत यायचे नाहीत, उंबऱ्यावर डबा ठेवून पाय काढता घ्यायचे. मी तेव्हा कच्च्या गोळ्यावर चिरा पाडत होते. भट्टीत घालायच्या आधी पावाला ब्लेडनं चीर द्यावीच लागते, नाहीतर फुगताना तो वाटेल तिथून फुटतो. मी आपली काकडी चिरावी तशी चिरत होते. तर उंबऱ्यावरून आवाज आला, "ब्लेड अशी धरतात का गं?"

किती दिवसांनी त्या माणसाच्या तोंडून पूर्ण वाक्य आलं होतं!  पण माझ्या तोंडातून तिरकसच निघालं, माझं तसंच निघतं. म्हटलं, "मग कशी धरतात? नुसतं बोलू नका, दाखवा."

अण्णा आत आले. हात धुतले. ब्लेड दोन बोटांत हलकी धरली आणि डाव्या हातानं गोळ्याला आधार दिला, हनुवटी धरून मान वळवतात ना, अगदी तसा. आणि गोळ्याला म्हणाले, "काय राव, बरेच दिवसांनी? जरा मान खाली. हं. घरी सगळे ठीक?" बोलता बोलता ब्लेड चालली. सर, सर, सर. गोळ्यावर चोळलेल्या तांदळाच्या पांढऱ्या पिठीवर एक ओंबी उमटली, मग दुसरी, मग त्यांची लवलेली कुसळं. हात अजिबात हलत नव्हता.  मनात म्हटलं, आपण काही बोललो तर याला दृष्ट लागायची.

पाव भट्टीतून निघाला तो बगलेतून फुटलेला. ओंब्या वर सुरेख, पण कडेला ही भलीमोठी भेग. अण्णांचा चेहरा पडला. मी घाईघाईनं म्हणाले, "तुमचं काम सुंदर आहे हो, पण सगळ्या चिरा वरवरच्या झाल्या. एक खोल चीर हवी. आतली वाफ जाणार कुठून?"

अण्णांनी जरा विचार केला आणि एकदम उजळले. "म्हणजे भांग पाडायचा राहिला! आधी भांग, मग बाकीची कलाकुसर. असं सरळ सांगायचं ना, पोरी!"

दुसऱ्या दिवशी ते मानेवरचे केस झाडायचा मऊ ब्रश आणि इस्त्री केलेलं पांढरं फडकं घेऊन हजर. तेव्हापासून आमच्याकडे पावावरची जास्तीची पिठी त्या ब्रशनंच झटकली जाते. नवा ब्रश हो, उगाच शंका नको.

पण हे काम वाटतं तेवढं सरळ नाही. गोळा रात्रभर वेताच्या टोपलीत, फ्रीजमध्ये गार करावा लागतो, म्हणजे ब्लेड अडकत नाही. आणि जे काढावं ते भट्टीत तसं राहत नाही. फुगतं, ताणतं, रुंदावतं. अण्णांनी पहिली चिमणी काढली, बाहेर आली कोंबडी. सासूबाई म्हणाल्या, "कोंबडी छान जमलीये." अण्णा दिवसभर धुसफुसले. मग त्यांच्या ध्यानात आलं की गोळ्यावर पाखरू उपाशी काढायचं, भट्टी त्याला खायला घालते. तेव्हापासून त्यांची कच्ची चित्रं बघवत नाहीत. सगळी हडकुळी, रोडावलेली. झाकण लावलेल्या बिडाच्या भांड्यातून बाहेर येतात ती मात्र गुबगुबीत होऊन.

आणि मग त्यांनी भोवरे काढायला सुरुवात केली. त्याचं काय आहे, तुम्ही आम्ही माणसाला तोंडावरून ओळखतो. अण्णांनी सगळ्या वस्तीला मागून पाहिलेलं. कुणाच्या डोक्यावर केसांचा भोवरा कुठे आहे, कुणीकडे वळतो, कुठली बट उभी राहते, सगळं पाठ. एकदा त्यांनी एका गोल पावावर मधोमध नाही, जरा डावीकडे भोवरा काढला आणि त्यातून बारीक केस सोडले. मी तो फळीवर ठेवला. दूधवाल्याची म्हातारी आई आली, बघत राहिली आणि किंचाळली, "अगं बाई! हे तर आमच्या बाळ्याचं डोकं! ही बट बसवता बसवता माझे हात दुखायचे." पाव छातीशी धरून घेऊन गेली. बाळ्याचे स्वतःचे केस कधीच गेले होते. त्याचं डोकं आता फक्त त्या पावावर आणि आईच्या आठवणीत होतं.

झालं! बायका नवऱ्यांची डोकी मागायला लागल्या, नातवंडं आजोबांची. ज्यांची डोकी अण्णांच्या हाताखालून गेली नव्हती ते लोक पाठमोरे फोटो पाठवायला लागले. लग्नाच्या ऑर्डरी आल्या, एकाच पावावर दोन भोवरे, एक नवरीचा, एक नवऱ्याचा. माझ्या जाऊबाईला मोठी बरणी आणावी लागली. आणि अण्णा? दिवसभर तोंडाचा पट्टा चालू. सासूबाई परत "जरा गप्प बसा हो" म्हणायला लागल्या आणि ते म्हणताना पदर डोळ्यांना लावायला लागल्या.

लोक एवढंच चुकायचे की पाव खायचे नाहीत. एका बाईंनी तर वॉर्निश लावून भिंतीवर टांगला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हटलं, माझं पीठ, माझी आंबवण, माझी भट्टी, आणि तुम्ही टांगता? अण्णांनीच मला शांत केलं. म्हणाले, "केस काय, पाव काय, कापायचेच असतात. उद्या परत आहेतच." हे आम्ही पाटीवर रंगवून घेतलंय.

पण एक गाठ काही सुटेना. गिऱ्हाइकांपैकी कुणी म्हणालं, "अण्णा, हात एवढा बसलाय, आता आमचेही केस कापा की," तर अण्णा दोन्ही हात फडक्याखाली लपवायचे. "पिठाला रक्त नसतं," म्हणायचे. आणि शिंपीकाकांचं दुकान अजून मागच्या बोळातूनच चुकवायचे. भिंतीपलीकडून काकांच्या मशीनचा आवाज यायचा, तो ऐकून अण्णांची बडबड क्षणभर अडखळायची. मला ते दिसायचं. हा माणूस अर्धाच परत आलाय, असं वाटत राहायचं.

आणि तो अर्धाही जातो की काय अशी वेळ आली. खाण्यापिण्याचे व्हिडिओ करणारी एक मुलगी आली. गोड मुलगी, माझा तिच्यावर राग नाही. अण्णा नेहमीसारखे गोळ्याशी गप्पा मारायला लागले तर ती म्हणाली, "काका, आवाज नको हं, मी मागे संगीत टाकणार आहे." मीही म्हटलं, "अण्णा, पाच मिनिटं कळ काढा." अण्णांनी ओठ मिटले. ब्लेड टेकवली. आणि हात लटलट कापायला लागला. वेल काढायची होती, गोळा फाटला. त्यांनी फाटलेल्या गोळ्याकडे बघितलं, ब्लेड खाली ठेवली, ॲप्रन काढून खुंटीला लावला आणि एक शब्द न बोलता घरी गेले.

दुसऱ्या दिवशी आले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाहीत. ताटावर परत ती मुकी मान. मी स्वयंपाकघरात भांडी आपटत होते. सासूबाई कांदा चिरता चिरता म्हणाल्या, "तोंड बंद राहिलं की यांचं काहीतरी बिनसतंच. शिंप्याचा कान कापला तेव्हाही तोंडात कापसाचा बोळा होता."

"कसला बोळा?"

"अगं, सकाळीच दाढ काढून आले होते ना. डॉक्टरनं बजावलं होतं, दिवसभर बोलायचं नाही."

"आई! हे तुम्ही आत्ता सांगताय?"

"मला कुणी विचारलं?"

मी तशीच खरकट्या हातांनी बाहेर पळाले. "अण्णा, तुमचा हात नाही गेला हो! तुमचा हात तोंडावर चालतो!" अण्णांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मलाच डॉक्टर हवा. "हात काय जिभेला बांधलाय?" म्हणाले आणि कूस वळवून झोपले. मी तरी काय सांगणार? का होतं ते मला ठाऊक नाही, होतं ते मात्र मी डोळ्यांनी पाहिलंय.

त्याच आठवड्यात शिंपीकाकू दुकानात आल्या. म्हणाल्या, "मला यांच्या डोक्याचा पाव हवा. पूर्वीच्या डोक्याचा. ते कसं दिसायचं तेच मी विसरत चाललेय." मी घरी जाऊन अण्णांसमोर तेवढंच सांगितलं आणि गप्प बसले, जे मला फार जड जातं. काकांचा भोवरा उलटा फिरतो, आणि टाळूवर नाही, पार मागे, मानेकडे. ते काढणं अण्णांशिवाय कुणाला जमणार नव्हतं आणि हे अण्णांनाही माहीत होतं. सकाळी मी भट्टी पेटवत होते तर ॲप्रन बांधत आत आले. "दुसरं कोणीतरी विचका करेल," म्हणाले.

गार गोळा टोपलीतून पालथा केला, पिठी चोळली. दाराकडे त्यांची पाठ होती. म्हणून शिंपीकाका दारात येऊन उभे राहिले ते त्यांना दिसलं नाही. काकूंनी पाठवलं की आपणच आले, देव जाणे. मी ओठांवर बोट ठेवलं.

"बस, टोणग्या," अण्णा गोळ्याला म्हणाले. ब्लेड चालू झाली. "केस केवढे वाढवलेस रे? लोक हसतात तुला. मला सांगतात येऊन. मी बोळातून जातो तर तुला वाटत असेल, याला माझं तोंड बघायचं नाही. तोंड नाही रे, तुझा कान बघवत नाही मला." भोवरा उलटा फिरत फिरत मानेकडे निघाला होता, हात दगडासारखा स्थिर. "त्या दिवशी तू हसलास. दोन सणसणीत शिव्या घातल्या असत्यास ना, तर दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं असतं मी. तू हसलास आणि मला वाटलं, संपलं. आता हा मला म्हातारा समजून सांभाळून घेणार. मला तुझी फार आठवण येते रे, गाढवा."

शिंपीकाकांच्या तोंडून जी शिवी निघाली ती मी इथे लिहिणार नाही. पाठोपाठ दुसरी निघाली, ती पहिलीहून वाईट. अण्णा गर्रकन वळले. दोघांचेही डोळे भरलेले. मग काका तरातरा जाऊन खुर्चीत बसले, केसांची फीत सोडली आणि खिशातून स्वतःची कात्री काढून पुढे केली. "काप."

"ही? कापडाची कात्री केसांना? अक्कल आहे का?" अण्णा ओरडले आणि आपली कात्री आणायला घराकडे पळाले. पुढच्या रस्त्यानं पळाले, ॲप्रनसकट. भोवरा पुरा झालेला होता, मी पाव भांड्यात घालून भट्टीत सरकवला.

ते परत आले, फडकं काकांच्या गळ्याभोवती बांधलं, पिठाचा ढग उडाला. कात्री चालू, तोंड चालू. लांब लांब बटा जमिनीवर पडत होत्या. मांजरीची पिल्लं, गळकी टाकी, सगळ्यांचा हिशेब झाला. मग कात्री कानाशी आली, आणि अण्णा सवयीनं म्हणाले, "हलू नको, लागेल." आणि ते शब्द ऐकून स्वतःच थबकले.  कात्रीचं टोक थरथरायला लागलं. 

काका मान न हलवता म्हणाले, "लागू दे की. दुसरा कान शाबूत आहे अजून. पण तू गप्प बसलास ना, तर मी उठून जाईन. त्या मांजरीचं पुढे काय झालं ते सांग."

"कुठल्या मांजरीचं?"

"तुझ्या, मेल्या! आत्ता सांगत होतास ती."

"हां. तर ती मांजर गेली टाकीवर," अण्णा म्हणाले, आणि कात्री कानाच्या कडेनं अलगद वळून पलीकडे गेली. मी रडत होते की हसत होते, मला सांगता येणार नाही. ते चाललं होतं तोवर मी तिथून हललेच नाही. मग काकांनीच नाक वर केलं आणि विचारलं, "सूनबाई, काहीतरी जळतंय का?"

अगं बाई, पाव! मी धावले, भांडं काढलं, झाकण उघडलं. उलटा भोवरा अगदी हुबेहूब, एकेक केस मोकळा आणि सगळा कोळशासारखा काळाकुट्ट. इतक्या ऑर्डरींमध्ये माझा एकही पाव कधी करपला नव्हता. मी तो तसाच काकांपुढे धरला. काकांनी त्या पावाकडे बघितलं, मग आपल्या पांढऱ्या, नीट कापलेल्या डोक्यावरून हात फिरवला.

"वा! पुन्हा काळे झाले माझे केस," काका म्हणाले. मग आम्ही तिघांनी तो करपलेला पाव तिथेच मोडून खाल्ला, वरचं काळं खरवडून, गरमगरम.